बावन्न नंबरचं हेल्मेट

लायल हॅवरिलचं हेल्मेट डोक्यावरून उडालं आणि घरंगळत माझ्या बुटांपाशी येऊन थांबलं, तेव्हा मी पहिली शिवी हासडली ती स्वतःलाच. सव्वीस वर्षं या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची हेल्मेटं मी सांभाळतोय. दर शुक्रवारी प्रत्येकातल्या हवेच्या गाद्या तपासतो, तोंडापुढच्या जाळीचे स्क्रू आवळतो, हनुवटीचे पट्टे बघतो. खेळता खेळता कुणाचं हेल्मेट निघालं तर चूक त्या खेळाडूची नसते, ज्यानं बसवलं त्याची असते, आणि इथे बसवणारा मीच एकटा आहे.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार होता आणि मोसमातला शेवटचा सामना. आमचे गुण वीस, नदीपलीकडच्या कॉलेजचे सतरा. अडीच मिनिटं उरली होती. चेंडू त्यांच्याकडे होता, आमच्या रेषेपासून नऊ यार्डांवर, आणि रेषा ओलांडायला त्यांच्याकडे अजून चार डाव होते, एकेक डाव काही सेकंदांचा. त्यांना अडवायची सगळी जबाबदारी लायलवर. तो बचावफळीचा कप्तान, शेवटच्या वर्षाचा. त्यानं समोरच्या धिप्पाड गड्याला छातीवर घेतलं, दोघं आदळले, आणि बावन्न नंबरचं हेल्मेट हवेत गेलं.

नियम आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. खेळ चालू असताना हेल्मेट निघालं की तो खेळाडू एक डाव बाहेर. एकच डाव. तेवढ्यात हेल्मेट नीट करायचं आणि परत जायचं. नियम डोकी वाचवायला केलाय, चांगला आहे, पण त्याची एक गंमत आहे. लायल बाहेर आला तेव्हा कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. नियमानं बाहेर आलाय, नियमानं आत जाईल, असंच सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. डॅना, आमची एकुलती एक उपचारवाली, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी निखळलेला घोटा धरून बसली होती.

"बर्ड! पंप मार, पंप!" कोच टिमरमन ओरडला. "एका डावात मला तो परत पाहिजे!"

"ओरडू नकोस, मारतोय," मी म्हणालो. टिमरमन माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचा. सगळ्यांसमोर मी त्याला कोच म्हणतो, पण घाबरत मात्र नाही.

लायलच्या जागी पेरी धावत आत गेला. मी पंपाची सुई हेल्मेटच्या भोकात घातली. हवा खरंच कमी होती, आणि का ते मला चांगलं ठाऊक होतं. गुरुवारी सरावानंतर लायल माझ्या खोलीत आला होता. "म्हातारबा, हे फार आवळतंय रे. मंगळवारपासून डोकं दुखतंय." मी दोन बोटं घालून पाहिली आणि थोडी हवा सोडून दिली. नियमानं हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. हवा सोडल्यावर ती हलेनाशी झाली. पण पोरगं कुरकुरत होतं आणि मला घरी जायची घाई होती.

"हं, घाल," मी हेल्मेट पुढे केलं.

लायल हेल्मेटकडे बघत उभा राहिला. "हे माझं नाही."

"मग कुणाचं? माझ्या आजीचं?"

"माझं निळं आहे," तो म्हणाला.

आमची हेल्मेटं पांढरी आहेत. गेली चार वर्षं त्यानं पांढरंच घातलंय. निळं होतं त्याच्या शाळेच्या संघाचं, तीन गावं पलीकडे.

माझा हात तसाच राहिला. मग लायल हसला. "कसा फसलास! दे इकडे."

आता हा लायल म्हणजे संघातला पक्का नकलाकार. माझ्या बुटांत बर्फ भरणारा, कोचच्या आवाजात फोन करणारा. तो थट्टा करत नसेलच असं कुणाला छातीठोकपणे सांगता आलं असतं? मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. डोळे माझ्यावर होते, पण नजर माझ्या पाठीमागे कुठेतरी होती. हनुवटीच्या पट्ट्याला चार बटणं असतात. तो ती बटणं डोळे मिटून लावतो, तोंडात च्युइंगगम घोळवत. हेल्मेट माझ्याच हातात ठेवून मी त्याचा सुटा पट्टा लायलला दिला. "हा लाव बरं."

त्याची बोटं बटण शोधत राहिली.

आणि तेव्हा मला मंगळवार आठवला. मंगळवारपासून डोकं दुखतंय, असं म्हणाला होता तो. आम्हा हेल्मेटवाल्यांना सगळीकडे हेल्मेटच दिसतं. डोकं दुखतंय म्हटलं की आम्ही आवळलेली गादी शोधतो. मंगळवारी सरावात तो कुणाला तरी धडकला असणार, डोक्यात तेव्हाच काहीतरी झालं असणार, आणि मी त्यावर औषध काय केलं, तर हवा सोडली! वर आज दुसरा दणका. अशा डोक्याला आणखी एक दणका बसला तर पोरगं दगावू शकतं, हे दरवर्षी ऑगस्टमध्ये, मोसमाआधी, आम्हाला बसवून सांगतात.

मी हेल्मेट काखेत मारलं.

"बर्ड, दे ना," लायल म्हणाला.

"नाही."

"अरे, मस्करी केली मी! शेवटचा सामना आहे माझा. दे!"

"नाही देणार. बस खाली. डॅना येईपर्यंत हलायचं नाही."

तिकडे पेरीनं डाव जेमतेम अडवला. आता चार यार्ड, दोन डाव. टिमरमन धावत आला. "काय चाललंय? त्याचा एक डाव झाला! आत सोड त्याला!"

"त्याचं डोकं ठिकाणावर नाही, कोच."

"तू डॉक्टर कधीपासून झालास? लायल, ठीक आहेस ना?"

"एकदम ठीक आहे, कोच," लायल ताडकन म्हणाला. असं विचारलं तर आमच्याकडचा कुठलाही खेळाडू एवढंच म्हणतो, पाय तुटून लोंबत असला तरी.

"डॅनाला हाक मार आधी," मी म्हणालो. "निळं हेल्मेट मागत होता तो."

"थट्टा होती ती!" लायल ओरडला. तेवढ्यात पेरी बाहेर येत होता. लायलनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं, आपल्या डोक्यात खुपसलं आणि आत पळाला. पेरीचं डोकं म्हणजे कलिंगड. त्याच्या हेल्मेटात लायलची दोन डोकी मावली असती.

टिमरमननं त्याला अडवलं नाही. त्यानं पाहिलं आणि मान फिरवली. ते मी त्याला कधी माफ करीन असं वाटत नाही, पण त्या घटकेला त्याला बोल लावायला वेळ नव्हता. रेषेपाशी दोन्ही संघ वाकून उभे राहत होते. मला गुडघ्याचा त्रास आहे, तरी मी धावलो. सीमारेषेवरच्या पंचाची बाही धरली.

"बावन्नला बाहेर काढ. हेल्मेट त्याचं नाही, नियमात बसत नाही."

पंचानं माझ्या जाकिटावरचं आमच्या कॉलेजचं चिन्ह पाहिलं. "तू यांचाच ना?"

"यांचाच. काढ म्हणतो ना बाहेर!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सव्वीस वर्षांत मी स्वतःच्या पोराची चहाडी कधी केली नव्हती. शिट्टी वाजली. पंच लायलजवळ गेला, जाळी धरून त्यानं हेल्मेट जरा हलवलं, तर ते सगळंच फिरलं आणि लायलचं नाक कानाच्या भोकापाशी आलं. प्रेक्षकांत हशा पिकला. मला हसू आलं नाही.

लायल बाहेर आला आणि पेरी स्वतःचं हेल्मेट घेऊन घाईघाईत आत गेला. पट्टा लावता लावताच चेंडू सुटला. नदीपलीकडचे त्याच्याच अंगावरून आत घुसले. सात गुण त्यांना, चोवीस-वीस. आमचे प्रेक्षक माझ्या नावानं ओरडू लागले. लायल माझ्यासमोर उभा राहिला, डोळे पाण्यानं भरलेले. "तू माझा सामना खाल्लास," तो म्हणाला. "आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

आम्ही हरलो. कपडे बदलायच्या खोलीत डॅनानं लायलला बाकावर बसवलं आणि डोळ्यांत बॅटरी मारली. एकदा उजव्या, एकदा डाव्या, पुन्हा उजव्या. मग फोन काढून तिनं रुग्णवाहिका बोलावली, अगदी हळू आवाजात. तिनं फोन ठेवल्यावर मी तिला गुरुवारचं सांगितलं. डोकेदुखीचं आणि हवेचं.

"गुरुवारी?" ती म्हणाली. "आणि माझ्याकडे पाठवलं नाहीस?"

"मला वाटलं हेल्मेट घट्ट आहे."

तिनं कागदावर मंगळवार लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तेवढ्यात दार आपटून टिमरमन आत आला. "सोमवारी चाव्या माझ्या टेबलावर ठेव," तो माझ्यावर बोट रोखून म्हणाला. "भर मैदानात स्वतःच्या संघाला विकलंस! कुणाला विचारून? पोरगं ठणठणीत होतं, त्याचं शेवटचं..."

"कोच," लायल बाकावरून म्हणाला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. आवाज सकाळच्यासारखा, उत्साही. "नाणेफेकीला मीच जाणार ना? नाणं पडलं की आपण आधी बचाव घेऊ. मला सुरुवातीलाच धडकायचंय."

खोलीतली तीस-पस्तीस पोरं लायलकडे वळली. टिमरमनचं बोट हवेतच होतं. त्यानं ते हळूहळू खाली घेतलं आणि तो लायलसमोर उकिडवा बसला.

"हो, तूच जाणार," तो म्हणाला. "अजून वेळ आहे. तू बस."

"बरं," लायल म्हणाला, आणि शहाण्या मुलासारखा बसून राहिला.

टिमरमननं वळून माझ्याकडे पाहिलं. "बर्ड," तो म्हणाला, "तू होतास म्हणून."

त्यापेक्षा त्यानं लाथ मारली असती तर बरं झालं असतं. गुरुवारचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी टोपी काढली आणि सांगायला सुरुवात केली.