सहाव्या शाखेत न गेलेली पर्स

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवरून बोलते आहे ती मी, एक जुनी तपकिरी चामड्याची पर्स. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा स्वतःची थोरवी गातात. माझ्याजवळही गाण्यासारखे थोडेफार आहे आणि ते मी सांगेनच. पण आधी कबूल करते, मला लाज वाटते आहे. देवाने मला तोंड दिले ते बोलण्यासाठी नव्हे, उघडण्यामिटण्यासाठी. ते एकदा नको त्या वेळी घट्ट मिटले. ऐका तर मग.

माझा जन्म एका अरुंद बोळातल्या लहानशा दुकानात झाला. मला घडवणारा कारागीर आरीने भोके पाडी आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओढी. प्रत्येक कोपऱ्यात तो एक टाका जास्त घाली. "फाटायचं असलं की कोपराच आधी फाटतो," असे तो स्वतःशीच म्हणे. शेवटी त्याने मला पितळी खटका बसवला. मिटताना तो 'खट्' असा वाजे. त्या आवाजाचा मला भारी अभिमान होता.

पहिल्या पगारात मला विकत घेतले ते एका नर्सबाईंनी. घरात सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणते. तीस वर्षे मी मावशीबरोबर इस्पितळात गेले. माझ्या पोटात थर्मामीटर असे, सेफ्टी पिनांचा जुडगा असे आणि रडणाऱ्या मुलांसाठी लिमलेटच्या गोळ्या असत. मावशी निवृत्त झाली त्या दिवशी बरोबरच्या नर्स म्हणाल्या, "बाई, तुमच्या पर्सलाही पेन्शन लावून घ्या." सगळ्या हसल्या. मीही मनातल्या मनात फुलले.

पेन्शन मात्र मावशीला मिळाली आणि मला मिळाले कपाटाचे डोके. तिथे चार वर्षे मी धूळ खात पडले. चामड्यावर पांढरी बुरशी आली. खटका सैल झाला आणि झाकण लोंबू लागले. आपला उपयोग संपला, असे मी धरून चालले होते.

अशात मावशीची भाची दोन महिन्यांसाठी राहायला आली. ती कॉलेजात शिकत होती. घरात तिला चिमणी म्हणत. सुट्टीत तिला एका सरकारी कार्यालयात इंटर्नशिप मिळाली होती, म्हणजे काम करता करता शिकायचे. विमा कंपन्या लोकांना नीट माहिती देऊन विमा विकतात की फसवून, यावर हे कार्यालय लक्ष ठेवी. पहिले तीन आठवडे चिमणीने नियमांची पुस्तके वाचली आणि झेरॉक्स काढल्या. मग तिला खरे काम मिळाले. साधे गिऱ्हाईक बनून विमा कंपन्यांच्या शाखांत जायचे, पॉलिसीची चौकशी करायची आणि विकणारा माणूस दोन गोष्टी आपणहून सांगतो की नाही ते पाहायचे. एक, पाच वर्षे पैसे काढता येणार नाहीत. दुसरी, पॉलिसी पसंत पडली नाही तर पंधरा दिवसांत परत करता येते. बाहेर आल्यावर एक फॉर्म भरायचा.

चिमणी पाठीवर कॉलेजची सॅक अडकवून निघाली तशी मावशीने तिला दारातच अडवले.

"या दप्तराकडे बघून तुला कोण विमा विकणार आहे? कितवीत आहेस म्हणून विचारतील."

"मग काय नेऊ?"

मावशीने स्टुलावर चढून मला खाली काढले. ओल्या फडक्याने पुसले, वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. चिमणीने मला खांद्याला लावले आणि आरशात पाहिले. "मावशी, मी एकदम दोन मुलांची आई दिसते गं," ती म्हणाली. चार वर्षांनी मी ऊन पाहिले. त्या दिवशी मला झालेला आनंद आठवला, तरी आज मान खाली जाते.

कार्यालयातल्या मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. चष्म्याला साखळी लावून तो गळ्यात ठेवत. त्यांनी चिमणीला बजावले होते, "फॉर्म शाखेतून बाहेर पडल्यावर लगेच भरायचा. आत बसून नाही, घरी जाऊन नाही, आणि आधी तर नाहीच. तिथे दुसरा साक्षीदार नसतो. तू लिहिशील ते आम्ही खरं धरणार."

चिमणी कामात तरबेज निघाली. एका शाखेत एक गुळगुळीत बोलणारा गृहस्थ म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त सही करा, बाकी आमच्यावर सोडा." चिमणीने ते वाक्य जसेच्या तसे लिहून आणले. मॅडमनी तो फॉर्म मिटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला. "असं लिहायचं. थोडं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं." चिमणीचा चेहरा उजळला. मी तिच्या मांडीवर होते. मलाही वाटले, तीस वर्षे नर्सबाईंबरोबर काढली त्याचे चीज झाले.

आता लाजेची गोष्ट येते.

त्या दिवशी तिच्याकडे सहा शाखा होत्या. पाच करून होईपर्यंत दुपार टळली. तिची चप्पल चावत होती. पाचला बरोबरच्या मुलामुलींबरोबर सिनेमाला जायचे ठरले होते. सहावी शाखा गावाच्या टोकाला, एका टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होती. चिमणी समोरच्या बसस्टॉपवर बाकावर बसली. शाखेची पाटी तिथून दिसत होती. मध्ये फक्त रस्ता होता.

पाचही शाखांत कुणी ती माहिती आपणहून दिली नव्हती. चिमणी पुटपुटली, "सगळे एकाच माळेचे मणी." मग तिने माझ्यातून फॉर्म काढला, मला पालथी घालून पाट केला आणि लिहिले. पाच वर्षांची अट सांगितली का? नाही. परत करता येते हे सांगितले का? नाही. विक्रेत्याचे वागणे कसे होते? इथे ती जरा थबकली. मग एकच शब्द लिहिला, "घाईत". विक्रेत्याचे नाव तिच्या यादीत होतेच. त्या शाखेत एकच बाई काम करत होत्या.

फॉर्म माझ्यात गेला. माझा खटका तोवर इतका सैल झाला होता, की मी बसमध्ये, जिन्यात, कुठेही उघडत असे आणि पेने सांडत असे. त्या दिवशी उघडले असते, तो कागद वाऱ्यावर रस्त्यापलीकडे गेला असता, तर निदान त्याच्यामागे तरी ती पलीकडे गेली असती. पण मी मिटले, खट्, आणि घरी पोचेपर्यंत उघडले नाही.

पंधरा दिवस गेले. कार्यालयाने कंपन्यांना पत्रे पाठवली. मग एका सकाळी एक बाई लेखी खुलासा घेऊन कार्यालयात आल्या. पन्नाशीच्या असतील. मॅडम मिटिंगमध्ये होत्या, म्हणून चिमणीने त्यांना बाकावर बसवले आणि पाणी दिले. शाखांत कोण जाऊन येते हे बाहेर सांगायचे नाही असा नियम होता. त्यामुळे आपण कुणाच्या हातचे पाणी पितो आहोत, हे बाईंना ठाऊक नव्हते. चिमणीने मात्र खुलाशावरचे नाव वाचले आणि ओळखले, सहाव्या शाखेतल्या बाई त्या याच.

बाईंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी माझ्या कोपऱ्यावर बोट फिरवले. "कोपऱ्यात जास्तीचा टाका. आता कोण घालतं गं असा? माझे बाबा चामड्याचं काम करायचे, म्हणून मला खोड लागली आहे. माणूस समोर आलं की मी आधी त्याची पर्स बघते. तोंड विसरेन, पण पर्स विसरत नाही."

चिमणीने मला हळूच ओढून फाइलीखाली सरकवले.

"मला कामावरून घरी बसवलंय," बाई सांगू लागल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "चौकशी होईपर्यंत. कुणीतरी येऊन गेलं म्हणे, त्यांना मी काहीच सांगितलं नाही. आता बघ, मी एक कार्ड केलंय. दोन्ही अटी मोठ्या अक्षरात. येईल त्याला मोठ्याने वाचायला लावते, मगच फॉर्म देते. तरी त्यांनी लिहिलंय, मी घाईत होते."

"तुम्ही होता का घाईत?" चिमणीने विचारले.

"असेन बाळा. हल्ली आईला काही आठवत नाही. गॅस चालू ठेवते, दार उघडं टाकते. घरी लवकर पोचायची घाई असतेच. कुणीतरी लिहिलंय म्हणजे माझंच चुकलं असणार. मला वाटतं, आईचं दुखणं आता मलाही लागलं."

मित्रांनो, त्या बसस्टॉपवरच्या एका शब्दाने त्या बाईंच्या मनात घर केले होते. त्या चिडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर बरे झाले असते. त्यांनी आमचे खोटे आपल्या पदरात घेतले. फाइलीखाली मी होते. मी त्या शाखेत कधी गेलेच नाही, याची साक्षीदार मी एकटी होते, आणि तोंड असून मुकी होते.

त्या संध्याकाळी चिमणी जेवली नाही. मावशी भांडी विसळत होती. चिमणी ओट्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तू कधी ताप न बघता तक्त्यावर लिहिलास?"

मावशीचा हात थांबला. "एकदा. नव्याण्णव लिहिला होता. रोज नव्याण्णवच असायचा त्या मुलाला."

"मग?"

"मग गोळी तोंडात टाकायला पर्स उघडली, तर वर थर्मामीटर. परत गेले. एकशे तीन होता. डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले मला, अगदी नको नको ते." ती पुन्हा भांडी विसळू लागली. "तुझं काय झालंय ते मला माहीत नाही. पण परत जाता येतंय का, तेवढं बघ. पुष्कळदा येतं."

ती दुपार मलाही आठवत होती. तेव्हा मी वेळेवर उघडले होते.

दुसऱ्या दिवशी चिमणी मॅडमसमोर उभी राहिली आणि सगळे सांगितले.

"जिन्यापर्यंत तरी गेली होतीस?" मॅडमनी विचारले.

"नाही. रस्ताही ओलांडला नाही."

मॅडमनी चष्मा काढला. तो साखळीवर लोंबत राहिला. "तुझे एकूण एकतीस फॉर्म आहेत. बाकीचे तीस खरे आहेत?"

"खरे आहेत, मॅडम."

"मला कसं कळणार?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एकतीसच्या एकतीस फॉर्म एकत्र केले, दोरीने बांधले आणि वर चिठ्ठी लावली, 'वापरू नये'. "म्हणजे तो 'सही करा, बाकी आमच्यावर सोडा' म्हणणाराही सुटला," त्या म्हणाल्या. "तो लोकांना फसवतो हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण मी ते कुठे म्हणू शकत नाही." मग म्हणाल्या, "तू इथे दोन महिने होतीस, एवढं मी प्रमाणपत्रात लिहीन. ते खरं आहे."

त्यांनी लगेच कंपनीला पत्र लिहिले. आठवडाभरात बाई कामावर परत आल्या. चूक कुणाची होती, हे त्यांना स्वतः जाऊन सांगायची परवानगी चिमणीने मागितली. मॅडम म्हणाल्या, "आता तुझ्याकडे लपवण्यासारखं उरलंय काय? जा."

आणि मग आम्ही तो रस्ता ओलांडला. टायरच्या दुकानात रबराचा वास होता. जिना अंधारा होता, पायऱ्या झिजलेल्या. वर एक टेबल, दोन खुर्च्या आणि टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले ते कार्ड. चिमणी बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळे सांगितले. 'घाईत' हा शब्दही सांगितला.

बाई बराच वेळ कार्ड सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी बसून मी एकच शोधत होते. कोणाला सांगायचं राहिलं? एकेक चेहरा आठवत होते. परवा डॉक्टरकडे जाऊन आले, माझं डोकं तपासायला."

"माफ करा, काकू."

"करीन. आज नाही जमणार." त्यांनी कार्ड चिमणीपुढे सरकवले. "बस. वाच. मोठ्याने. इथे येणारा प्रत्येक जण वाचतो."

चिमणीने वाचले. दुसऱ्या ओळीवर ती अडखळली.

"परत. नीट."

तिने पुन्हा वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. "ऊठ आता," बाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक आलंय." एक म्हातारे गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आत आले. बाईंची नजर आधी त्यांच्या पिशवीवर गेली. माझ्याकडे त्यांनी येतानाही पाहिले नव्हते आणि जातानाही पाहिले नाही.

मित्रांनो, आता चिमणी नोकरी करते. खांद्याला मीच असते. तिने माझा खटका बदलून घेतला, मला तेल लावते, कोपरे जपते. वस्तू अशाच जपाव्यात, हे तुम्हाला सांगायला हवेच. पण माझी विनवणी दुसरी आहे. तुमच्या हातून जे कागदावर उतरेल ते चामड्याहून जास्त जपा. जे पाहिले नाही ते पाहिले असे लिहू नका. कागद दुसऱ्याच्या घरात जातो आणि तिथला भला माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

त्या दिवशी तो रस्ता ओलांडायला अर्धे मिनिट लागले असते. वेळेवर ओलांडा, मित्रांनो. नंतर तो फार रुंद होतो.