ग्राफिक कार्डाला हळद

मन्नाएखेळ्ळीच्या स्टँडामागं अनिलकुमारचा मिक्सिंगचा स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग दुसऱ्यानं करायचं आणि त्यावरची सजावट यानं. आजवर त्यानं नवरींना चंद्रावर बसवलं होतं, नवरदेवांना ताजमहालातून चालवत आणलं होतं, आणि एका सासऱ्याच्या हट्टापायी त्याच्या म्हशीवरसुद्धा गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या. हुमनाबादेपासून जहीराबादेपर्यंतची निम्मी जोडपी त्याच्या कृपेनं स्वित्झर्लंड बघून आली होती. आता दोन हजार नऊच्या मार्गशीर्षात त्याचं स्वतःचं लग्न झालं, पाच दिवस उलटले, आणि नेमकी स्वतःच्या लग्नाची फिल्म काही केल्या चालेना.

आणि ती आजच चालायला हवी होती. त्याची सासू, संतपूरची ईरम्मा, लग्नाच्या चार दिवस आधी जिन्यावरून घसरली आणि डावा पाय मोडून बसली. पत्रिका वाटून झालेल्या, मांडव पडलेला. लग्न पुढं कसं ढकलणार? बिचारीनं पोटच्या पोरीचं लग्न खाटेवर पडून मोबाइलवर ऐकलं, आणि त्यातही बँडच्या आवाजापुढं मंगलाष्टकं काही ऐकू आली नाहीत. आज ती आणि सासरे काशप्पा हैदराबादला निघाले होते. तिथं एका बिल्डिंगवर काशप्पांना वॉचमनचं काम लागलं होतं, परत येणं आता थेट पाडव्याला. त्यांची बस पाच वाजता मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरूनच जायची. तीनला इथं यायचं, पोरीचं लग्न बघायचं आणि पाचला बस धरायची, असं ठरलं होतं. "अव्वा, तू ये तर. समदं लगीन दाखवते तुला," असा शब्द धनलक्ष्मीनं फोनवर देऊन टाकला होता, तोही नवऱ्याला न विचारता. बायकोनं आपल्यावर टाकलेला हा पहिलाच भरवसा, म्हणून अनिलकुमारच्या मनात एकीकडं लाडू फुटत होते आणि दुसरीकडं धास्ती भरली होती.

खरं म्हणजे दोष त्याच्या हौसेचा होता. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! गिऱ्हाइकाच्या फिल्मला तो दहा-बारा इफेक्ट घालायचा; स्वतःच्या बावीस मिनिटांच्या फिल्मला एकशे चाळीस घातले. हंसांचा रथ, सोन्याचा पाऊस, बर्फाचे डोंगर आणि त्यांच्यावरून उडणारी नवरानवरी. एवढी चित्रं रंगवायची म्हणजे कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक कार्डाचा जीव जातो. म्हणून पठ्ठ्यानं ते कार्ड ओव्हरक्लॉक केलं होतं. म्हणजे कंपनीनं कार्डाला पाचशेचा वेग ठरवून दिलेला असतो. एका सॉफ्टवेअरमध्ये पट्टी पुढं सरकवली की तेच कार्ड सहाशेनं पळतं. शेतकरी याला बैलाला पुराणी टोचणं म्हणेल. लग्नाआधी आठवडाभर कार्ड सहाशेनं मजेत पळत होतं. लग्न झालं आणि त्याचं काय बिनसलं कोण जाणे.

सकाळी दहाला त्यानं फिल्म लावली. तिसऱ्या मिनिटाला हंस उडाले, चौथ्या मिनिटाला पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उगवले, नवरीच्या चेहऱ्याची चटई झाली आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

"आत्ता गं बया," शेजारी स्टुलावर बसलेली धनलक्ष्मी म्हणाली, "माझ्या तोंडाला काय झालं?"

"तुझ्या तोंडाला काई झालं न्हाई. कार्डाला झालंय. जरा जास्तच पळवायलोय मी त्याला."

त्यानं पट्टी सहाशेवरून पाचशे नव्वदवर आणली. चौकोन उगवले. पाचशे ऐंशी, तेच. मेमरीचा वेग वेगळा असतो, तोही उतरवला. मग वाटलं, कार्डाला वीज कमी पडत असेल, म्हणून पॉवर सप्लायची जास्तीची वायर जोडून पाहिली. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घातला. दर वेळेला कॉम्प्युटर बंद, चालू, हंस, चौकोन, थिजणं. बारा वाजले. फिल्म एका फाइलीत काढून सीडी करावी म्हटलं, तर ते कामही निम्म्यात मरायचं. शेवटी त्यानं मान खाली घालून पट्टी कंपनीच्या मूळ पाचशेवर नेऊन ठेवली. म्हणजे ओव्हरक्लॉकच काढून टाकलं. पाचशेवर फिल्म अडखळत चालेल, पण चालेल तरी.

सहाव्या मिनिटाला चौकोन उगवले.

आता मात्र अनिलकुमार चक्रावला. बैलाला टोचलं म्हणून तो बसला, हे समजतं. पण पुराणी फेकून दिली, जू काढलं, तरी बसतोय म्हणजे काय? त्यानं कार्डाचं तापमान काढून पाहिलं, तर एकशे चार. अंडं उकडून निघेल इतकं. कॉम्प्युटरच्या डब्याचं, म्हणजे कॅबिनेटचं, एका बाजूचं झाकण तर तो हवेसाठी कायम काढूनच ठेवायचा. आत पंखा फिरतोय, बाहेरून टेबल फॅन लावलाय, थंडीचे दिवस आहेत, मग एवढा ताप चढतो कुठून? एरवी त्याला हे पटकन सुचलं असतं. पण शेजारी पाच दिवसांची बायको बसलेली. ती वाकून पडद्यात बघायची तेव्हा हळदीचा असा काही वास यायचा की याचं निम्मं डोकं तिथंच अडकायचं. त्यानं दोनदा श्वास भरून घेतला आणि तोंड भरून हसला.

"हसायलाव कामून?" धनलक्ष्मी म्हणाली. "माझी अव्वा तीन वाजता याची हाय, अन् तुमी हसायलाव!"

"तुझ्या हळदीचा वास लई ग्वाड यायलाय बग."

धनलक्ष्मीनं आपला हात नाकाशी नेला. मग नाक वर करून हुंगलं. "माझा न्हाई हा. माझ्या हातावरची हळद कच्ची. हा वास भाजलेल्या हळदीचा हाय. तव्यावर करपायलेल्या!"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग दोघंही एकदमच उघड्या कॅबिनेटवर वाकले. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा. अनिलकुमारनं वीज बंद केली, कार्ड बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. पंख्याखाली पत्र्याच्या बारीक फटी असतात, त्यातून हवा जाते म्हणून कार्ड गार राहतं. त्यातली एकही फट दिसत नव्हती. सगळीकडं पिवळा लगदा घट्ट बसला होता, त्यावर तेलाचा ओघळ, आणि पंख्याच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत ठिपका.

"आई!" अनिलकुमार ओरडला.

रेणुकाबाई मागच्या घरातून पदराला हात पुसत आल्या. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या एक रीत होती. ज्याच्यावर घर चालतं त्याला नवरदेवाच्या आधी हळद लागायची. सासऱ्यांच्या लग्नात कळपातल्या पुढच्या मेंढीला लागली, नवऱ्याच्या लग्नात लोकर कातरायच्या कातरीला. आता घरात ना मेंढी ना कातर.

"मग म्या कशाला लावायची?" रेणुकाबाई म्हणाल्या. "घर तर ह्याच्यावरच चालतंय की! आदी हळद-तेल लावलं, कुकू लावलं, अन् मग मैलारच्या मल्लण्णाचा भंडारा उधळला, चांगला मूठभर. तो पंका गरगर फिरायलता बग, समदा भंडारा गप्पकन वडून घेतला त्यानं! म्या म्हनलं, देवानं मानून घेतलं."

अनिलकुमारला रडावं की हसावं कळेना. धनलक्ष्मीला मात्र कळलं. ती पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळली आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले. सासूसमोर सुनेनं पाचव्या दिवशी इतकं हसू नये, पण इलाज नव्हता.

वाजला होता एक. त्यानं कार्ड तोंडाशी नेलं आणि फुंकर मारायला गाल फुगवले, तोच रेणुकाबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "भंडारा फुकतेत का रे कुटं? देवाचा हाय! अन् भुईवर सांडू नको, पायाखाली यील."

घ्या! फुंकायचा नाही, सांडायचा नाही, आणि ब्रशनं तर तो हलायला तयार नाही, तेलात बसलेला. आता देवाचं राखावं की सासूचं? अनिलकुमार डोकं धरून बसला. तेव्हा धनलक्ष्मी हळूच म्हणाली, "भंडारा फुकायचा नसतो, आत्याबाई. पर उधळायचा तर असतो न्हवं?"

रेणुकाबाईंनी सुनेकडं नीट पाहिलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "उधळायचाच असतो."

हायवेवर भीमण्णाचं पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानात ट्रकच्या टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर. पाच मिनिटांत तिघं तिथं हजर. धनलक्ष्मीनं जमिनीवर घोंगडं अंथरलं, त्याच्या मधोमध अनिलकुमार दोन्ही हातांत कार्ड धरून उभा राहिला, पंखा आपोआप गरगरू नये म्हणून त्यावर अंगठा दाबून. भीमण्णाला काय करायचं ते सांगितलं, तर त्यानं आधी चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि मग नळी उचलली.

"येळकोट!" भीमण्णा ओरडला आणि त्यानं खटका दाबला.

फस्सकन पिवळा ढग उठला. अनिलकुमार पिवळा झाला, धनलक्ष्मी पिवळी झाली, रेणुकाबाईंनी दोन्ही हात वर करून तो कपाळावर घेतला. चहा पीत थांबलेले दोन ट्रकवाले धावत आले आणि त्यांनीही डोकी पुढं केली. कुणाचं काय, कशाचं काय, त्यांना काही ठाऊक नव्हतं; येळकोट म्हटलं की वाकायचं, एवढं ठाऊक होतं. "अजून येकदा, भीमण्णा!" रेणुकाबाई ओरडल्या. दुसऱ्या फवाऱ्याला फटींतून उजेड दिसला, तिसऱ्याला कार्डातून पलीकडची बायको दिसली, आणि ती इतकी हसत होती की अनिलकुमारला आपण कशासाठी आलो तेच घडीभर आठवेना.

उरलेलं तेल धनलक्ष्मीनं धोतराच्या चिंधीनं, काडीला गुंडाळून, फट न फट पुसून काढलं. अडीचला कार्ड पुन्हा जागेवर बसलं. पाचशेवर तापमान साठ! फिल्म चालली, पण अडखळत. हंस लंगडल्यासारखे उडत होते. अनिलकुमारनं पट्टी दहा-दहानं पुढं सरकवायला घेतली आणि धनलक्ष्मी प्रत्येक पायरीला तापमान वाचू लागली. पाचशे साठ, अडुसष्ट. पाचशे ऐंशी, एकाहत्तर. सहाशेला एकच जांभळा ठिपका नवरीच्या नाकावर चमकला.

"असू द्या की," धनलक्ष्मी म्हणाली. "नथीत खपंल."

"न्हाई. मामींना तुजं नाक चांगलं दिसाय पायजे," अनिलकुमार म्हणाला आणि त्यानं पट्टी पाचशे नव्वदवर आणून ठेवली. हंस तुरुतुरु उडू लागले.

फाइल काढून सीडी करायला आता वेळ नव्हता. फिल्म कॉम्प्युटरवरूनच थेट दाखवायची ठरली, झाकण उघडं ठेवून, शेजारी टेबल फॅन लावून. सव्वातीनला रिक्षा थांबली. आधी तीन बोचकी उतरली, मग काशप्पा, मग त्यांच्या खांद्यावर भार टाकून प्लॅस्टरमधल्या पायाची ईरम्मा. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ईरम्मानं लेकीच्या पिवळ्या केसांकडं पाहिलं, जावयाच्या पिवळ्या भुवयांकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. नव्या जोडप्याला काय विचारायचं!

फिल्म सुरू झाली. हंसांच्या रथातून लेक आभाळात गेली तेव्हा ईरम्मा खुर्चीचा हात घट्ट धरून बसली. सोन्याच्या पावसाला "आगागागा" म्हणाली. डोंगर बघून काशप्पांनी विचारलं, "जावईबापू, तितं बी वॉचमन ठेवतेत का वो?" अनिलकुमारचं अर्धं लक्ष तापमानाच्या आकड्यावर होतं. त्र्याहत्तर. पंचाहत्तर. शहात्तरवर आकडा थांबला आणि तिथंच राहिला.

मग सगळे इफेक्ट संपले. पडद्यावर अंतरपाट आला, दोन्हीकडं जोडपं उभं राहिलं, आणि मंगलाष्टकं सुरू झाली, या वेळी अगदी स्वच्छ ऐकू येणारी. ईरम्मा काशप्पांचा हात धरून उठली. प्लॅस्टरचा पाय कसाबसा सावरत उभी राहिली आणि तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत तांदूळ होते, हळदीकुंकवाच्या अक्षता, लग्नाच्या आठ दिवस आधी तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेल्या. त्या टाकायला मिळाल्या नव्हत्या, म्हणून ती त्या बांधून हैदराबादला न्यायला निघाली होती. तिनं मूठ भरली, काशप्पांना दिली, रेणुकाबाईंना दिली, आणि पडद्यातून "सावधान" ऐकू येताच सगळ्यांनी एकदम पडद्यावर उधळल्या.

अनिलकुमारनं पाहिलं, तांदूळ पडद्याला लागून उडत होते आणि शेजारी कॅबिनेट सताड उघडं, आत पंखा गरगरत होता. एक दाणा आत गेला की फिल्म तिथंच थिजणार. थांबा म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं, पण समोर सासूचा चेहरा होता. त्यानं उडी मारली, कॅबिनेटला पाठ लावली आणि हात पसरून उभा राहिला. धनलक्ष्मीला काय ते उमजलं. तीही धावत येऊन त्याला चिकटून उभी राहिली, पदर पसरून. पुढची मूठ सरळ दोघांच्या डोक्यावर आली.

लग्नात अनिलकुमार सगळा वेळ कॅमेरावाल्याला खुणा करत उभा होता. अक्षता कधी पडल्या ते त्याला कळलंही नव्हतं. आता एकेक दाणा कळत होता. धनलक्ष्मी रडत होती की हसत होती, सांगता येत नाही, बहुधा दोन्ही.

"सरकू नका, पोरं हो," ईरम्मा म्हणाली आणि तिनं पुन्हा मूठ भरली. "अजून दोन अष्टकं हायती."

दोघं सरकली नाहीत. शेवटच्या अष्टकाला पदरातला शेवटचा तांदूळ झटकून ईरम्मा खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "आता झालं माझ्या पोरीचं लगीन. उचला बोचकी."