दुपटीच्या वेगाने

कवळ्या बनवणारी ती बाई मनाने चांगली होती हो, देवाला मानणारी होती, हाताला तर जादूच होती तिच्या. फक्त तिला कशालाही वेळ नव्हता. भाजी फोडणीला पडेपर्यंत वेणी, दूध वर येईपर्यंत डबा, आणि चालता चालता स्वतःची सुधारणा.

सुधारणेची तिला मनापासून ओढ होती. रोज सकाळी फोनवर एक ध्वनिफीत यायची. कोण पाठवतं, कुठून येते, कुणालाच ठाऊक नव्हतं. याच्याकडून त्याच्याकडे अशी फिरत फिरत ती तिच्यापर्यंत पोचायची. एक माणूस रोजच्या जगण्यातलं साधंसं काही सांगायचा, मध्ये एक ओळ गायचा, पुन्हा बोलायचा. बाई ती दुपटीच्या वेगाने ऐकायची आणि गाणं आलं की पुढे ढकलायची. गाण्यात कुठे वेळ घालवायचा? सार कळल्याशी कारण. पण सार मात्र तिने अंगी बाणवलं. कामावरच्या पोरीवर खेकसणं सोडलं, जिना झाडणाऱ्याची विचारपूस सुरू केली, रागाच्या भरात उत्तर द्यायचं नाही, आधी पाणी प्यायचं, हेही त्या माणसाकडूनच शिकली. गुरूच म्हणायची त्याला.

आणि रोज न चुकता ती फीत नवऱ्याला पाठवायची. खाली लिहायची, ‘ऐका. काहीतरी शिका.’

नवऱ्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र यायचं.

नवरा शाळेची बस चालवायचा. बाकीचे चालक त्याला ‘सावकाश’ म्हणत, आणि ते नाव त्याला बेतून शिवलेल्या अंगरख्यासारखं बसलं होतं. एक वाक्य बोलायचं तर आधी ‘हं’ म्हणणार, मग छताकडे बघणार, मग शब्द. तोवर बाईचं निम्मं घर आवरून व्हायचं.

त्या सकाळी तो कप हातात धरून दारात उभा राहिला. “हं… मालक म्हणतायत, परगावी नवा डेपो काढलाय. मी तिकडे जावं. महिन्यातून एकदा घरी. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.”

“मग जा की.” बाई चप्पल शोधत होती.

“अगं, पण मी काय म्हणतो…”

“अहो, तुमचं म्हणणं पुरं होईस्तोवर माझा कारखाना उघडून बंद होईल. पगार वाढणार असेल तर जा. इथे असं काय अडलंय तुमच्यावाचून?” एवढं बोलून तिने इअरफोन कानात घातले. पण त्या दिवशीची फीत अजून आली नव्हती. रिकामेच कान घेऊन ती जिना उतरली.

कवळ्यांच्या त्या कारखान्यात दोघीच. बाई जबड्याच्या साच्यावर मेणात दात बसवायची आणि पॉलिशवाली तयार कवळ्यांना चकाकी आणायची. दुपारी डबे धुऊन झाल्यावर बाईने स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवली, मेण उचललं, तेवढ्यात पॉलिशवाली फोन घेऊन आली.

“ताई, आजचं ऐकलंत का? तुमच्याच धंद्यातलं आहे.”

“हात अडकलेत गं. लाव तूच.”

पॉलिशवालीने फोन टेबलावर ठेवून फीत लावली. तिला बिचारीला वेग वाढवता येतो हेच माहीत नव्हतं.

फोनमधून आधी नुसती शांतता आली. मग आवाज आला, “हं…”

बाईचा हात जागच्या जागी थांबला.

“…तर मंडळी, माझ्या घरात एक कारागीर आहे. ती कवळ्या बनवते. मी एकदा विचारलं, सगळे दात सरळ रेषेत का नाही बसवत? ती म्हणाली, तसं केलं तर तोंड खोटं दिसतं. एखादा किंचित वाकडा ठेवावा लागतो, म्हणजे माणूस ओळखीचा वाटतो.” मग पुन्हा शांतता. छताकडे बघण्याएवढी. “मी बोलायला सावकाश. तिच्या संसारातला वाकडा दात मीच. तिने मला अजून घासून सरळ केलेलं नाही, ही देवाची कृपा.” आणि मग तो गायला लागला. “थांब जरा जिवा, वाट कुठे पळते…” काय तो गळा! जुन्या भांड्यातल्या पाण्यासारखा, थंड आणि खोल. सतरा वर्षांच्या संसारात तिने तो ऐकलाच नव्हता.

“ताई, बोट,” पॉलिशवाली ओरडली. वितळलेलं मेण बाईच्या बोटावर ओघळून गोठलं होतं. बाईला त्याचा पत्ताच नव्हता.

“हा आमच्या ह्यांचा आवाज आहे,” ती म्हणाली.

“काहीतरीच काय. तुम्ही तर म्हणता, ते तोंडच उघडत नाहीत.”

ज्याला बाई रोज ‘काहीतरी शिका’ म्हणून धडे पाठवत होती, त्याच्याच वर्गात ती इतके दिवस मांडी घालून बसली होती. गुरूला सकाळी दारात उभं करून ‘असं काय अडलंय तुमच्यावाचून’ म्हणाली होती. तिने फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे. साचा तसाच टाकून ती निघाली.

बसच्या आवारात तो पाइपाने चाकं धूत होता.

“अहो, ते तुम्ही बोलता?”

त्याने पाणी बंद केलं. “हं… एक जोडीदार चालक अंथरुणाला खिळलाय. मुलं उतरवली की रिकाम्या बसमध्ये बसून त्याच्यासाठी बोलायचो. त्याने पुढे पाठवलं.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

“सांगत होतो की. पहिल्याच दिवशी म्हणालो, अगं हा तर… तू म्हणालीस, मध्ये बोलू नका, ऐका आधी.” तो ओशाळून हसला. “मग म्हटलं, ऐकतेय ना, मग झालं.”

बाईला राग यावा तर कुणाचा, हसावं तर कशाला? “परगावी जाऊ नका,” एवढंच ती म्हणाली.

त्याने हात पुसले. पुसतच राहिला. “मालकांना मघाशीच हो म्हणालो गं.”

तिने त्याची बाही धरली आणि त्याला कचेरीच्या दारात नेऊन उभं केलं.

मालक फोन कानाला लावून बसले होते. “काय रे सावकाश? सामान बांधलंस?”

“हं…”

“छान. सोमवारी निघ. खोली बघून ठेवलीय, जेवणाची सोय…”

“मालक,” बाई म्हणाली, “त्यांचं बोलून व्हायचंय अजून.”

मालकांनी फोन खाली ठेवला. खोलीत फक्त पंख्याची कुरकुर होती. नवरा छताकडे बघू लागला. बाईच्या जिभेवर त्याचं वाक्य तयार होतं, अगदी वेलांटीसकट, आणि ते तोंडातच अडवून धरायला तिला जन्मात लागले नव्हते एवढे कष्ट लागले. भाजलेलं बोट तिने मुठीत दाबून धरलं.

“मला जायचं नाही,” तो अखेर म्हणाला. मालक काही बोलणार तेवढ्यात त्याने हात वर केला. “ही आली म्हणून नाही. माझं आधीपासूनच नाही होतं.”

बाईने तयार ठेवलेलं वाक्य हे नव्हतंच.

“मग मघाशी हो का म्हणालास?” मालक वैतागले. “आता मी माणूस कुठून आणू? सकाळीच सांगायला काय झालं होतं?”

“हं…” तो म्हणाला. “सकाळी सुरुवात केली होती.”

मालकांनी बाईकडे पाहिलं. बाईने जमिनीकडे.