कोळशाच्या कोठीतला टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. काळा, एकाच स्पीकरचा, डाव्या कोपऱ्याला चीर गेलेला. जयपूर स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, पत्र्याच्या पेटीत, लोकरी कपड्यांखाली माझा मुक्काम आहे. आमच्या जातीला एक खोड असते. ऐकलेलं आम्हाला बदलून सांगता येत नाही. माणसांना ते जमतं, आणि कधीकधी त्यांनी ते करावंच असं मला आता वाटतं.

माझे सुटे भाग कुठून कुठून आले कोण जाणे, पण त्यांची जुळणी दिल्लीच्या एका छोट्या कारखान्यात झाली. पहिला मालक होता छावणीतला एक सुभेदार. १९८२ साली त्याची बदली झाली, सामान विकायला निघालं आणि मी शेषरावांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून रेल्वे क्वार्टरात आलो.

शेषराव मूळचे अमरावतीकडचे. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि कान देऊन ऐकायचं, हे त्यांचं काम. धड चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बसक्या आवाजात बोलतं. वीस वर्षांत त्यांचा कान एकदाही चुकला नाही, असं ते सगळ्यांना सांगत. घरात ते सुलोचनाबाईंच्या भांड्यांनाही टिचकी मारून बघत आणि बोलणी खात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शेजारीपाजारी स्वतःचा आवाज ऐकायला यायचे, आणि ऐकल्यावर हा माझा आवाज नव्हेच म्हणून माझ्यावर रुसायचे. पण माझं खरं काम सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे, रत्नमालेमुळे. कॉलेजात जाणाऱ्या या पोरीने रेल्वे इन्स्टिट्यूटच्या जलशात ड्रमसेट पाहिला आणि त्या दिवसापासून घरातल्या डब्यांना सुख राहिलं नाही.

"पोरीनं ढोल बडवून कोणतं घर चालवायचं हाय?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"आई, ढोल नाही ना, ड्रम. मतलब पूरा सेट."

शेषराव हसले. पुढच्या महिन्यात चांदपोलच्या एका बँडवाल्याकडून त्यांनी एक थोराड ढोल, एक छोटा ड्रम आणि तडकलेली झांज आणली. पायाने वाजवायचं पेडल त्यांनी दाराच्या बिजागरीला स्प्रिंग लावून स्वतः बनवलं. कातडं कुठे ढिलं आहे ते बोटाने ठोकून त्यांना लगेच कळायचं. "चाकासारखंच हाय पोरी, बोलते ते," असं म्हणत ते चावी पिळायचे.

चौथ्याच दिवशी शेजारचे मिश्रीलालजी अंगणात येऊन उभे राहिले. माणूस भला होता, पण कावला होता. "शेषरावजी, बिटिया बजाती है तो हमारी परात नाचती है."

मग अंगणाच्या कोपऱ्यातली कोळशाची कोठी रिकामी झाली. घरात गॅस आल्यापासून तिथे अडगळच होती. शेषरावांनी ड्यूटी संपल्यावर दोन महिने तिथे काम केलं. भिंतींना रेतीची पोती लावली, त्यावर पिंजाऱ्याकडून आणलेल्या जुन्या रजया ठोकल्या. ढोलाखाली जुने टायर आणि त्यावर फळ्या टाकल्या. दाराला टोंकच्या नमद्याचे तुकडे, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचे, दोन थर मारले. खिडकी विटांनी बुजवली. छताला अंड्यांचे ट्रे चिकटवताना सुलोचनाबाई शिडी धरायला उभ्या होत्या. तोंडाने कुरकुर चालू होती, हात मात्र शिडीवरून सुटला नाही.

खोली झाली आणि परीक्षा झाली. रत्नाला आत बसवून दार लावलं. बाहेर शेषराव, सुलोचनाबाई आणि मिश्रीलालजी कान लावून उभे राहिले. काहीच ऐकू आलं नाही. मिश्रीलालजींनी शेषरावांची पाठ थोपटली. मित्रांनो, त्या दिवशी सगळे बाहेर उभे राहून ऐकत होते. आत उभं राहून बाहेरची हाक ऐकू येते का, हे बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर कानावर पोट भरलेल्या माणसाच्याही नाही.

मी त्या खोलीत आधी फजितच झालो. ढोल वाजला की माझा गळा दाटायचा, टेपवर नुसती खरखर उमटायची. शेषरावांनी मला टॉवेलात गुंडाळून पाहिलं, बादलीत ठेवून पाहिलं. शेवटी दाराशेजारी खिळा ठोकून, ढोलाकडे पाठ करून टांगलं, तेव्हा आवाज स्वच्छ उमटला. माझी आणखी एक गंमत अशी की मोठा आवाज थांबला की मी आपोआप कान टवकारतो. मग बारीकसारीक आवाजही टेपवर मोठा होऊन येतो.

१९८६च्या उन्हाळ्यात, रत्नाने धाडलेल्या अर्जाला उत्तर म्हणून नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या उत्तमरावांचं पत्र आलं. मुलगी आहे म्हणून मी नाही म्हणणार नाही, वाजवलेलं कॅसेटवर भरून पाठवा, असं त्यात लिहिलं होतं. रत्नाने ते पत्र रजईला टाचून ठेवलं. महिनाभर ती एकच कॅसेट पुसून पुन्हा भरत होती.

मेमधला तो दिवस. सुलोचनाबाई शास्त्री नगरात बारशाला गेल्या होत्या. रत्नाने कानात कापसाचे बोळे घातले, दार लावलं, माझी दोन बटणं एकत्र दाबली आणि वाजवायला बसली. मित्रांनो, इतकं सुंदर तिने याआधी कधीच वाजवलं नव्हतं. तीन गाण्यांचे ठेके तिने एका दमात वाजवले. दुसऱ्या ठेक्यात चार मात्रांचा विराम होता. ती मनातल्या मनात मोजत होती, आणि तेवढ्यात मला दार वाजल्याचं ऐकू आलं. पाच ठोके. पुढच्या विरामात दोन. तिसरा ठेका सुरू व्हायच्या जरा आधी एक, अगदी हलका.

मला ओरडता आलं असतं तर! पण मी फक्त ऐकून घेऊ शकतो. मी ऐकून घेतलं.

वाजवून झाल्यावर तिने हसत मला बंद केलं आणि दार आत ओढलं. दाराला टेकून बसलेले शेषराव उंबऱ्यावर कलंडले. छातीत कळ आली म्हणून ते ड्यूटीवरून लवकर घरी आले होते. मिश्रीलालजींनी रिक्षा आणली, पण उपयोग झाला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला. कोणालाच सांगता येईना. मला सांगता आलं असतं. पहिल्या ठोक्यापासून दार उघडेपर्यंत सात मिनिटं गेली होती.

तीन आठवड्यांनी उत्तमरावांचं कार्ड आलं, कॅसेट अजून मिळाली नाही. रत्नाने मला घरात आणलं आणि पहिल्यांदाच ते वाजवून ऐकलं. दुसऱ्या ठेक्यापाशी तिचा हात थांबला. तिने टेप मागे नेली, पुन्हा ऐकली. पुन्हा मागे नेली. मग आईला हाक मारली.

सुलोचनाबाई पदराला हात पुसत आल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. पाच ठोके झाले, दोन झाले, तो शेवटचा झाला. त्यांनी मान खाली घातली होती, चेहरा मला दिसला नाही. त्यांचा श्वास मात्र मी ऐकला.

"आई, बाबा मला बोलवत होते ना?"

"नाही पोरी. ठेका धरून रायले होते. तुह्यासंगं वाजवत होते ते."

ते ठोके तालात नव्हते. मागेपुढे पडलेले, तुटक, घाईचे होते. हे मला माहीत होतं. ताल न कळणाऱ्या सुलोचनाबाईंनाही माहीत होतं. आणि अर्ध्या मात्रेची चूक पकडणाऱ्या रत्नाला तर माहीत होतंच.

"हो आई," रत्ना म्हणाली. "तालातच होते."

 दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.

कॅसेट नागपूरला गेली नाही. तिच्यावर कोणी दुसरं काही भरू नये म्हणून रत्नाने तिच्या पाठीवरचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाकले. ड्रम बँडवाल्याकडे परत गेले. वडिलांच्या जागी रत्नाला स्टेशनावर कारकुनाची नोकरी मिळाली. फलाटावरून ऑफिस दोन मिनिटांवर आहे, पण ती मालधक्क्यामागून वळसा घालून जाते. गाडी उभी असताना फलाटावर हातोडीचे ठोके पडत असतात.

मित्रांनो, तुमचा छंद तुम्ही जरूर जोपासा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खोलीही बंद करा. पण आधी बाहेर एक बटण आणि आत एक दिवा लावा. तेवढंही जमलं नाही, तर दर गाण्यानंतर दार उघडून अंगणात एक नजर टाका. घरातलं माणूस उगाच दार वाजवत नाही.

आणि माझ्यासाठी एक मागणं. जुन्या वस्तू नीट करून घ्या, असं सगळे सांगतात. माझ्या आतला रबरी पट्टा गेल्या हिवाळ्यात तुटला. रत्ना परवा आईला म्हणत होती, दुरुस्त करून आणते. ती कॅसेट अजून माझ्या पोटातच आहे.  सुलोचनाबाईंनी मला पुसलं आणि पुन्हा कपड्यांखाली ठेवलं. कृपा करून तो पट्टा कोणी बदलू नका.