न उघडलेला परतीचा डबा

मी या तपासणी लॅबचा मेल सर्व्हर बोलतोय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. तीन आठवडे मी बोंबलतोय आणि कुणाला ऐकू आलेलं नाही.

बेसिनमागच्या कपाटात, फिनेलच्या बाटल्यांशेजारी माझा मुक्काम. इथली रीत अशी की तपासणीत काही वाईट निघालं तरच पेशंटला मेल जातो. काउंटरवरच्या ताई प्रत्येकाला सांगतात, "मेल नाही आला तर निवांत राहा." पाच वर्षं मी ते मेल एका मोठ्या सर्व्हरकडे सोपवायचो आणि तो घरोघर पोचवायचा. त्याची सगळीकडे ओळख होती.

हे लॅब चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दिरांना खुपलं. "वहिनी, हा मोठा सर्व्हर मध्ये कशाला? आपल्या सर्व्हरला काय हातपाय नाहीत? थेट पाठवू दे."

"जमेल ना, भाऊजी?"

"माझ्या हातचा मळ आहे तो!"

थेट जायचं तर परक्या दारात आपलं नाव सांगावं लागतं, आणि ते नाव आपल्या पत्त्यासकट इंटरनेटच्या वहीत नोंदलेलं लागतं; नसलं तर पत्र दारातूनच परत. या दीडशहाण्याने माझं नाव ठेवलं वाघोबा आणि नोंद कुठेच केली नाही. मग चाचणी म्हणून ताईंना एक मेल पाठवला. ताईंचा मेलबॉक्स माझ्याच पोटात! तो मेल लॅबबाहेर गेलाच नाही.

"आला की!" ताई म्हणाल्या. भाऊजी छाती फुगवून चहाला गेले.

त्या दिवसापासून मी दारोदार अपमान गिळतोय. कोण वाघोबा? चल, नीघ. परत आलेलं प्रत्येक पत्र मी परतीच्या डब्यात टाकतो. त्या डब्याचा पासवर्ड भाऊजींकडे आहे आणि असा डबा असतो हेच ते विसरलेत.

पहिलं परत आलं ते एका बस ड्रायव्हरचं. गाठ कर्करोगाची आहे, ताबडतोब या.

आज सकाळी त्यांची मुलगी हसत काउंटरवर आली. "मेल आला नाही, म्हणजे बाबा ठीक ना? कामावर पण जायला लागले. फाइलला लावायला रिपोर्ट द्या."

ताईंनी रिपोर्ट काढला, वाचला आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्या पोरीने रिपोर्ट ओढून घेतला, वाचला आणि तिथूनच बाबांना फोन लावला.

आणि भाऊजी? "एखादा मेल हुकतोच, वहिनी. मशीनच भिकार. दुपारी काढून भंगारात देतो."

मला द्या भंगारात. तुमची तोंडं पाहायची मला हौस नाही. पण वायर उपटण्याआधी तो डबा उघडा, नालायकांनो. त्यात अजून अडतीस पत्रं आहेत.

अडतीस माणसं घरी निवांत आहेत.