प्रतिभा येईपर्यंत

प्रतिभानं पिशवीतून फोटो काढला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

"अशी करा मला," ती म्हणाली. "एवढंच पायजे."

फोटोत ती तिशीची होती. आता बावन्नावं चालू होतं आणि रानातल्या उन्हानं तोंडावर नुसत्या घड्या पडल्या होत्या. नारायणगावच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टर तेजस्विनीनं तिला खरं तेच सांगितलं. तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं, त्यातलं पिवळं पाणी सुईनं चेहऱ्यात सोडायचं. तीनदा यावं लागेल, सुरकुत्या जरा कमी होतील, त्याही काही महिन्यांनी. वीस वर्षं काही मागं जात नाहीत. पण ऐकतंय कोण? आपलंच रक्त, ते आपला चेहरा कसं विसरेल, असं प्रतिभानं मनाशी धरलं होतं.

हौस म्हणाल, तर कसली हौस न् कसलं काय! तिकडं बोरी गावात तिचा नवरा, सावळेराम, वाळत चालला होता. मेंदूच्या आजारानं त्याची मागची वीस वर्षं पुसून नेली होती. जेवायचं तर प्रतिभाच्याच हातचं हा हट्ट, आणि समोरच्या बाईला तो प्रतिभा मानायला तयार नव्हता. ताट पुढं केलं की म्हणायचा, ही म्हातारी कोण, माझ्या बायकोला बोलवा. दुसऱ्या कुणी भरवलं तर थुंकून टाकायचा. चहाबिस्किटावर माणूस किती दिवस जगणार? ह्या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता.

सुया टोचताना तिनं हूं की चूं केलं नाही. दोन दिवस सूज राहील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एसटीत बाया टकामका बघत होत्या, म्हणून तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

घरी आल्या आल्या ताट वाढून ती सावळेरामसमोर बसली आणि पदर मागं सारला. तोंड लालभडक झालं होतं, डोळ्यांखाली फुगलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला.

"कुणी मारलं गं तुला?"

तिनं पदर परत गालावर ओढला.

"नवऱ्यानं व्हय?" त्यानं भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढं धरली. "खा. भिऊ नको, हितंच ऱ्हा. आमची प्रतिभा येईलच आता. लई मायाळू हाय ती. तुला हळद लावंल."

तिनं घास घेतला तेव्हा त्यानंही घेतला. मग आणखी एक घेतला. किती दिवसांनी तो चावून खात होता! तिला रडू फुटायला आलं, ते तिनं भाकरीबरोबर गिळलं.

"नाव काय तुझं?"

प्रतिभा हे नाव लग्नात त्यानंच तिला दिलं होतं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून.

"भागू," तिनं माहेरचं नाव सांगितलं आणि भाजीची वाटी त्याच्याकडं सरकवली.