सतरावी कडी

हे मी सांगायचं नव्हतं. तसं मला बजावलं होतं. पण गॅरेजच्या खिळ्याला टांगून राहण्याचा शीण येतो, तसा गप्प राहण्याचाही येतोच. म्हणून सांगते.

मी साखळी बोलतेय. दाराला लावायची नव्हे आणि गळ्यात घालायची तर मुळीच नव्हे. उंच चाकांच्या पिकअप गाडीमागे, ट्रेलरच्या जोडाखाली लोंबकळायची.

आधी माझं काम सांगते, कारण ते बहुतेकांना ठाऊक नसतं. पिकअपच्या मागे एक लोखंडी गोळा असतो. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला पालथी वाटी असते. वाटी गोळ्यावर बसवायची, वरचा खटका खाली पाडायचा, की जोड पक्का. सगळं वजन तो जोडच ओढतो. आम्ही दोघी बहिणी, म्हणजे दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन गाडीला अडकवलेल्या असतो. डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. कधी जोड निसटलाच, तर दांडा जमिनीत रुतू नये, आमच्या झोळीत पडावा, एवढ्यासाठी.

म्हणजे जोड शाबूत असेपर्यंत आम्हाला कामच नाही. दहा वर्षं मी नुसती टांगलेली होते. कुणाला वाटेल, काय मजा आहे! पण प्रत्येक खड्ड्याला ‘आता होईल का, आता होईल का’ असं धास्तावत टांगून राहणं किती दमवतं, ते आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला विचारा.

माझा जन्म एका कारखान्यातला. लाल झालेल्या सळईचे तुकडे वाकवले, एकात एक ओवले, सांधले. चोवीस कड्या. मग एका यंत्रावर चढवून मला दोन्हीकडून ओढलं. तिथला मिस्त्री पेन्सिल कानामागे खोवत म्हणाला, “ही नाही तुटायची.” माझं आयुष्यात झालेलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मला विकत घेतलं ते एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने. जड यंत्रं डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवर पोचवायचा त्याचा धंदा होता. तो फार बोलायचा नाही, पण त्याचे काही नियम होते. जडाचं तोंड गाडीकडे, म्हणजे जास्त वजन ट्रेलरच्या पुढच्या अंगाला. मागे भरलं तर ट्रेलर शेपटी हलवतो आणि गाडीलाही नाचवतो. जो गिअर चढताना, तोच उतरताना. दोन वळणं झाली की थांबायचं, उतरायचं, जोडाला हात लावून बघायचा. आणि निघण्याआधी साखळीची एकेक कडी बोटांतून सरकवायची, डोळे मिटून. “डोळे घाई करतात,” तो म्हणायचा, “बोटं करत नाहीत.”

तो गेल्यावर गाडी त्याच्या मुलीकडे आली. तिला सगळे ताई म्हणतात, अगदी दगडखाणीचा मुकादमही. रुंद पंजे, दोरीला बांधलेला चष्मा आणि खिशात कायम एक जुनं फडकं. त्या फडक्याने ती आधी वाटीचं आतलं अंग पुसायची, मग कपाळ. कधी विसरून उलट क्रम झाला, की दिवसभर कपाळावर काळा पट्टा घेऊन हिंडायची. तिला कुणी सांगायचं नाही. तिच्या धाकट्या भावाला तर त्यात फार आनंद व्हायचा.

धाकटा ताईहून चौदा वर्षांनी लहान. मनाने चांगला, पण पायाला भिंगरी. शीळ घालत येणार, शीळ घालत जाणार आणि मधलं अर्धं विसरणार.

गेल्या वर्षी ताईचा उजवा खांदा कुरकुरायला लागला. आधी रात्री दुखायचा, मग दिवसाही. स्टिअरिंग वळवताना ती दातांवर दात दाबायची. ते मागे टांगलेल्या मला कसं कळायचं, तर वळणावर गाडी क्षणभर अडखळायची. डॉक्टरांनी सांगितलं, जड गाडी बंद. ती घरी येऊन ट्रेलरच्या दांड्यावर बराच वेळ बसली. मग म्हणाली, “हलकी कामं तू कर. बघू जमतंय का. जमलं तर खाणीवरचं खोदाई यंत्र उतरवायचं काम तुझं.”

धाकट्याचा चेहरा उजळला. आमच्या अख्ख्या गॅरेजमध्ये ते यंत्र म्हणजे सगळ्यात मोठं काम. तीन टन वजन आणि खाणीवरून खाली येणारा तो उतार. पायथ्याशी बाजार भरतो. तिथे ट्रेलर सुटला तर काय होईल, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

हलकी कामं त्याला जमली. एक सोडून.

त्या दिवशी ताई खांद्याच्या व्यायामाला गेली होती. धाकट्याला हवेचा कॉम्प्रेसर खाणीवर पोचवायचा होता, आणि उठायला उशीर झाला होता. आदल्या दिवशी ट्रेलर ओढ्यातून आला होता, त्यामुळे वाटीत चिखल वाळून बसला होता. त्याने फडकं शोधलं नाही. वाटी गोळ्यावर ठेवली, वरून एक लाथ मारली, खटका पाडला. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. मी खाली होते, मला दिसत होतं. गोळा आणि वाटीच्या मध्ये अंगठ्याएवढा चिखल होता. त्यावर जोड नुसता टेकला होता.

आम्हा दोघींना मात्र त्याने नीट छेद देऊन अडकवलं. लहानपणापासून बापाचं बघितलेलं, हात आपोआप चालले असतील. दोन वळणं झाली, पण तो थांबला नाही. शीळ घालत होता.

खाणीच्या चढावर चाकोरीत मागचं चाक आपटलं. चिखलाचा गोळा फुटला, वाटी उडाली आणि सगळा दांडा आमच्या अंगावर आला.

दहा वर्षं ज्याची वाट बघितली, ते एका श्वासात होऊन गेलं. बहीण ताणली गेली, मी त्याहून जास्त. माझ्या सतराव्या कडीत काहीतरी सैल होत, लांबत गेलं. दुखलं का? लोखंडाला दुखतं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण मिस्त्रीचे शब्द आठवले, एवढं खरं.

धाकट्याने एक गोष्ट बरोबर केली. करकचून ब्रेक मारला नाही. पाय हळूहळू उचलला आणि गाडी थांबू दिली. मग उतरला. चाकाला धरून मागे आला. मागे बघितलं, खालची दरी बघितली आणि मटकन बसला. शीळ कुठल्या कुठे गेली होती.

बऱ्याच वेळाने त्याने जॅक लावला, दांडा उचलला, बोटाने वाटीतला चिखल कोरून काढला. शेवटी मला हातात घेऊन म्हणाला, “वाचवलंस गं बाई. पण ताईला बोलू नकोस हं. किल्ली काढून घेईल ती.”

मी काय बोलणार? बोलले तर माझंच मरण होतं. कडी लांबलेली साखळी पुन्हा कुणी गाडीला लावत नाही. त्याचं गुपित आणि माझी नोकरी एकाच कडीत होती. मीही मूग गिळून बसले. दमलेल्या माणसाला नाहीतरी गप्प बसणं सोपं जातं.

मग तो सोमवार आला. खोदाई यंत्राचा.

सकाळीच ताई गॅरेजमध्ये आली. धाकटा नवे बूट घालून तयार होता. ताईने मला उचललं आणि तिची बोटं घसरली.

“हिला ग्रीस कुणी फासलं?”

“मी. गंज धरू नये म्हणून.”

“साखळीला ग्रीस? उद्या ट्रेलरला पावडर लावशील.”

तो हसला, पण जरा जास्तच. ताईने फडकं काढलं आणि मला पुसायला लागली. डोळे मिटले. एक, दोन, तीन. मला पळून जावंसं वाटत होतं. पण साखळी कुठे पळणार, तीही टांगलेली! पंधरा. सोळा.

तिची बोटं थांबली.

“ही लांबलीय.”

“जुनी झाली ना ताई. वयाने होतं.”

“वयाने माणूस वाकतो रे. लोखंड ओढल्याशिवाय लांबत नाही.” तिने डोळे उघडले. “काय झालं होतं?”

“कुठे काय?”

“बाबांची शपथ नाही घालत. नुसतं विचारतेय.”

धाकटा नव्या बुटाने जमीन उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, “खाणीच्या चढावर. वाटीत चिखल होता.”

“पुसली नव्हतीस?”

“नाही.”

“दोन वळणांनी थांबलास?”

“नाही.”

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ताई दांड्यावर बसली. डाव्या हाताने उजवा खांदा दाबत राहिली. मग म्हणाली, “आणि तू घरी येऊन जेवलास. मी वाढलं तुला. दुसऱ्यांदा भाजी मागितलीस.”

“तू किल्ली काढून घेतली असतीस.”

“घेतलीच असती. चार दिवस. पण आज तू तीन टन घेऊन ह्या साखळीवर तो उतार उतरणार होतास. खाली बाजार भरलाय आज. हे माहीत असूनही निघाला होतास ना?”

तो रडला. एवढा मोठा माणूस, नवे बूट घालून, बाहीने नाक पुसत. ताई उठली, त्याच फडक्याने तिने त्याचं तोंड पुसलं, आणि त्याच्या गालावर हा मोठा काळा पट्टा उठला. ती हसली नाही, तोही नाही. मला मात्र हसू आलं, नाही असं नाही.

खाणीला निरोप गेला, यंत्र पंधरा दिवस थांबेल. आमच्या जागी दोन नव्या साखळ्या आल्या, चकचकीत, जरा शिष्ट. माझी बहीण फाटकाला गेली. मला ताईने गॅरेजच्या दारापाशी खिळ्यावर टांगलं आणि सतराव्या कडीला लाल रंग लावला. पंधरा दिवस धाकटा रोज रिकामा ट्रेलर जोडत होता आणि सोडत होता. वाटी पूस, खटका हलवून बघ, साखळ्या छेद देऊन लाव. ताई स्टुलावर बसून बघायची. प्रत्येक वेळी निघण्याआधी त्याने माझ्या लाल कडीला हात लावायचा, एवढंच तिने सांगितलं होतं.

आज तो दिवस आहे. ताई सकाळीच पायथ्याशी जाऊन उभी राहिलीय, बाजाराच्या तोंडाशी. घरी बसवेना म्हणाली. बाहेर इंजिन सुरू झालंय. धाकटा एकटा आहे आणि घाईत आहे, शीळ ऐकू येतेय. आज त्याला आठवण करून द्यायला कुणी नाही. गाडी हलली, तर तो मला हात न लावताच गेला असं समजायचं.

मी थकलेय. मला पुन्हा गाडीला लावा, असं माझं म्हणणं नाही. नको तो धसका. एवढंच मागणं आहे. तुम्ही काहीही ओढत असाल, तर निघण्याआधी खाली वाकून बघा. आणि काही निसटलं असेल, तर घरी येऊन जेवायला बसण्याआधी सांगून टाका. लपवलेलं वजन ट्रेलरमध्ये मागे भरलेल्या वजनासारखं असतं, चढावर कळत नाही, उतारावर…

थांबा, शीळ बंद झाली. पावलं येतायत. लाल कडीवर बोट टेकलं. त्याचंच.

“चल गं म्हातारे,” तो म्हणतोय, “आज तूही माझ्याशेजारी पुढच्या सीटवर. दोन वळणांनी थांबलो नाही, तर खणखण कर.”

अरे हो, येते, पण ओढू नकोस असा, खिळ्यात अडकलेय. आणि आधी सांग, वाटी पुसलीस का? आतून? आणि त्या नव्या दोघींना डावी उजवीकडे आणि उज…